मार्गदर्शक जुळवून मिळतो काय?

वधूवरांची स्थळे संगणकाने सुचवावयास प्रारंभ केला त्याला आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला. त्यापाठोपाठ भाड्याची खोली, नोकरी, शिकवणीचा मास्तर हे सारे त्याच वाटेने मिळू लागले. आता या यादीत आणखी एका नात्याची भर पडली आहे. नोकरीत, व्यवसायात किंवा उच्च शिक्षणात वाट दाखवील असा अनुभवी माणूस, ज्याला आजचा तरुण 'मेंटॉर' म्हणतो, तोही ऑनलाइन जुळवणीने मिळवून देणारी पोर्टले निघाली आहेत. तरुणाने एक अर्ज भरावयाचा, त्यात शिक्षण, आवड, गाव, भाषा आणि 'ध्येय' नमूद करावयाचे. मग यंत्र त्याच्यापुढे पाचदहा चेहरे मांडते, त्यांतून एकाची निवड करावयाची आणि अर्ध्या तासाची वेळ ठरवून पडद्यावर भेटावयाचे. काही ठिकाणी ही सेवा विनामूल्य आहे. काही ठिकाणी मार्गदर्शकाच्या नावाखाली त्याचा दर लिहिलेला असतो.

हा प्रकार केवळ हौशी मंडळींचा राहिलेला नाही. बंगळूरची 'मेंटॉर टुगेदर' ही संस्था २००९ सालापासून अल्प उत्पन्नाच्या घरांतील तरुणांसाठी हे काम करीत आली आहे. २०२० च्या टाळेबंदीत नोकऱ्या गेलेल्या रेखाटनकारांची एक साधी यादी सिंगापुरात तयार झाली आणि पाहता पाहता तिचे जगभर पसरलेल्या 'एडीपीलिस्ट' या जुळवणी व्यवस्थेत रूपांतर झाले. दिल्ली सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये सरकारी शाळांतील नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी 'देश के मेंटॉर' ही योजना सुरू केली. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये नवउद्योजकांसाठी 'मार्ग' नावाचे पोर्टल उघडले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर शिक्षकांसाठीच मार्गदर्शकांचे राष्ट्रीय अभियान असावे असे म्हटले आहे, आणि जुलै २०२२ मध्ये केंद्रीय शाळांपैकी तीस शाळांत त्याचा प्रायोगिक प्रारंभही झाला. अशा स्थितीत ही एक क्षणिक टूम आहे असे म्हणून तिची वासलात लावणे योग्य होणार नाही. तिच्यामागे खरी गरज आहे आणि ती गरज कोणाची आहे, हे प्रथम पाहावयास हवे.

पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरातील मुलाला मार्गदर्शक शोधावा लागत नाही. तो त्याच्या घरी चहाला येत असतो. एक काका बँकेत असतो, मावशीचे यजमान औषधाच्या कंपनीत असतात, शेजारच्या बिऱ्हाडातील कोणी अमेरिकेत शिकून आलेला असतो. कोणत्या परीक्षेचा अर्ज कधी भरावा, कोणते महाविद्यालय नावापुरते मोठे आहे, मुलाखतीत पगाराचा विषय कोणी काढावा, हे ज्ञान त्याच्या कानांवर जेवणाच्या पानावर पडत असते. उलट वाशीम किंवा गडचिरोली जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी पदवी घेणारा, घराण्यात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेला विद्यार्थी या साऱ्याला पारखा असतो. त्याच्या ओळखीत मास्तर, तलाठी, फौजदार आणि अलीकडे अभियंता एवढेच व्यवसाय असतात. म्हणून तो स्पर्धा परीक्षांच्या रांगेत उभा राहतो आणि वयाची तिशी येईपर्यंत तेथून हलत नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांतून दिसणाऱ्या गर्दीची कारणे अनेक आहेत. परंतु दुसरा कोणताही व्यवसाय जवळून पाहिलेला नसणे हे त्यांतील एक कारण निश्चित आहे.

ओळखीचा हा प्रभाव समाजशास्त्रज्ञांनी फार पूर्वी हेरला होता. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन अभ्यासकाने १९७३ साली असे मांडले की, माणसाला नवी नोकरी मिळते ती बहुधा जिवलग मित्रांमुळे नव्हे, तर दूरच्या, कधीमधी भेटणाऱ्या परिचितांमुळे. कारण जिवलगांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असतेच. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवर झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अगदी नाममात्र ओळखीपेक्षा आणि अगदी दाट ओळखीपेक्षा मध्यम विरळ ओळख नोकरी मिळण्यास अधिक उपयोगी पडते, असे त्यांत आढळले. आपल्याकडे या प्रश्नाला जातीची किनार आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे, परंतु वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठविण्यात आले होते. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढील बोलावणे येण्याची शक्यता कमी ठरली. ज्यांच्या आडनावानेच दार अर्धे मिटते, त्यांना आत कोणी ओळखीचे असणे किती मोलाचे आहे हे यावरून समजावे.

म्हणून, ज्याला काका नाही त्याला काका मिळवून देणारे यंत्र ही कल्पना मुळात हसण्यावारी नेण्यासारखी नाही. प्रश्न आहे तो ते यंत्र हे काम खरोखर करते की नाही, हा.

जुळवणीचे शास्त्र चांगले प्रगत आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ साली एक पद्धत सांगितली. दोन गटांतील प्रत्येकाने आपापला पसंतीक्रम दिला, तर अशी जुळणी करता येते की, तीत आपापला जोडीदार सोडून परस्परांकडे जावे असे वाटणारी एकही जोडी उरत नाही. पुढे २०१२ साली शॅप्ली आणि अॅल्विन रॉथ यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच विषयातील कामगिरीबद्दल. मुंबईत २००९ पासून सुरू झालेल्या अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशामुळे पसंतीक्रम म्हणजे काय हे येथील प्रत्येक पालकाला अनुभवाने ठाऊक झाले आहे. परंतु अकरावीचा प्रवेश आणि मार्गदर्शकाची निवड यांत एक मूलभूत फरक आहे. महाविद्यालय कसे आहे याची विद्यार्थ्याला काही कल्पना असते, आणि विद्यार्थ्याचे गुण महाविद्यालयापुढे असतात. दोन्ही बाजूंना आपल्याला काय हवे ते ठाऊक असते. मार्गदर्शक शोधणाऱ्या मुलाची अडचण नेमकी हीच असते की, त्याला काय हवे ते ठाऊक नाही. 'आपले ध्येय लिहा' असे पोर्टल त्याला सांगते. ते लिहिता आले असते तर अर्धे मार्गदर्शन आधीच झाले असते! डॉक्टरकडे जाताना रोगाचे नाव रुग्णानेच लिहून न्यावे, तसा हा प्रकार आहे.

परिणामी, या व्यवस्थेचा लाभ ज्यांना आधीच बरेच ठाऊक आहे त्यांनाच अधिक होतो. ज्याला इंग्रजीत चार वाक्ये नीट लिहिता येतात, ज्याला 'प्रॉडक्ट मॅनेजर' आणि 'डेटा अॅनालिस्ट' यांतील भेद समजतो, तो अचूक माणूस निवडतो, अचूक प्रश्न विचारतो आणि लाभ घेऊन मोकळा होतो. मराठी माध्यमातून शिकलेली, वाणिज्य शाखेची दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी त्या अर्जातील रकान्यांपुढेच अडखळते. ती अडखळली हे कोणाला कळतही नाही, कारण अर्धवट भरलेल्या अर्जांची संख्या जाहिरातीत दिली जात नाही. बरे, अर्ज पूर्ण भरला तरी यंत्र जे चेहरे वर आणते ते बहुधा ज्यांना अधिक तारे, अधिक शिफारशी मिळाल्या आहेत त्यांचे असतात. मोठ्या कंपनीचे नाव, परदेशी पदवी आणि हसरे छायाचित्र यांना मागणी येते. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत वीस वर्षे गुणवत्ता तपासणीचे काम केलेला, आणि त्या मुलीला खरोखर उपयोगी पडणारा माणूस तळाशी राहतो. किंवा तो त्या पोर्टलवर मुळात नसतोच.

आणखी एक प्रश्न काळाचा आहे. अर्ध्या तासाच्या भेटीत माहिती मिळते. माणूस ओळखला जात नाही. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या अमेरिकन अभ्यासकांनी २००२ साली शाळकरी मुलांना दिलेल्या स्वयंसेवी मार्गदर्शकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या जोड्या वर्षभर किंवा अधिक टिकल्या, त्यांतील मुलांची प्रगती ठळक होती. आणि ज्या तीन महिन्यांच्या आत मोडल्या, त्यांतील मुलांचा आत्मविश्वास पूर्वीपेक्षाही खालावला होता. हा निष्कर्ष योजनाकारांनी भिंतीवर लावून ठेवण्यासारखा आहे. मार्गदर्शक देऊन तो काढून घेणे हे न देण्यापेक्षा वाईट ठरू शकते. परक्या घरातील मूल आपल्यापरीने कारण शोधते आणि ते कारण बहुधा स्वतःतच सापडते. एवढे करूनही, मार्गदर्शनाच्या परिणामांविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ साली घेतला गेला तेव्हा परिणाम अनुकूल, परंतु आकाराने लहान असे आढळले. हे वाचून निराश व्हावयाचे कारण नाही. जाहिरातींतील 'आयुष्य बदलून टाका' ही भाषा मात्र बंद व्हावयास हरकत नाही.

दिल्लीच्या योजनेकडे या दृष्टीने पाहावे. १८ ते ३५ वयाच्या स्वयंसेवकांनी रोज दहा मिनिटे दूरध्वनीवर विद्यार्थ्याशी बोलावे, दोन महिने हा क्रम चालवावा, अशी तिची आखणी होती. मनोरचना तपासणारी एक चाचणी आणि मुलींना स्त्री मार्गदर्शक, मुलांना पुरुष मार्गदर्शक, ही काळजीही घेतली होती. जानेवारी २०२२ मध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने त्रुटी दूर होईपर्यंत योजना थांबविण्याची शिफारस केली. स्वयंसेवकांची पोलीस पडताळणी नाही आणि केवळ मानसिक चाचणीने बालकांची सुरक्षितता सिद्ध होत नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. केंद्र आणि दिल्ली सरकार यांच्यातील वैर पाहता या आक्षेपाला राजकारणाचा वास नव्हता असे कोणी म्हणणार नाही. तथापि आक्षेप घेणाऱ्याचा हेतू तपासल्याने आक्षेपाचे उत्तर मिळत नाही. अनोळखी प्रौढाला पंधरा वर्षांच्या मुलाचा दूरध्वनी रोज घेऊ द्यावयाचा, तर त्या प्रौढाची जबाबदारी कोणी घ्यावयाची? पालकांच्या संमतीपत्रावर सही घेऊन सरकारला हात झटकता येत नाहीत.

खासगी पोर्टलांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच सैल आहे. अल्पवयीनांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, असे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण मुख्य बंधने लागू होण्यास त्यानंतर दीड वर्षाची मुदत ठेवली गेली. शिकवणी वर्गांच्या फसव्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, हे उत्तम झाले. परंतु त्यांतील व्याख्येतून समुपदेशन वगळले आहे. उद्या एखाद्या शिकवणी वर्गाने आपल्या प्राध्यापकांनाच 'मेंटॉर' अशी पाटी लावली आणि हे समुपदेशन आहे असे सांगितले, तर वाद घालण्यास त्याला फट मिळते. पैसे घेऊन सल्ला देणे हा गुन्हा नव्हे. वकील आणि डॉक्टर तेच करतात; मात्र त्यांच्यावर परिषदेचे नियंत्रण असते, आणि सनद काढून घेण्याचा धाक असतो. अर्ध्या तासाचे हजार रुपये घेऊन 'तू आधी स्वतःला ओळख' एवढाच उपदेश करणाऱ्याला कसलाच धाक नाही.

'मेंटॉर' हा शब्द ज्या होमरच्या महाकाव्यातून आला त्यात एक गंमत आहे. युलिसिसने आपला मुलगा ज्याच्या हवाली केला त्या मेंटॉर नावाच्या वृद्ध स्नेह्याने फारसे काही केल्याचे दिसत नाही. मुलाला वाट दाखवते ती त्याचे रूप घेऊन आलेली देवी अथीना. परंतु उदाहरणासाठी ग्रीसपर्यंत जाण्याचे कारण नाही. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या एका शाळकरी मुलाकडे कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाचे लक्ष गेले. त्या मुलाचे नाव भीमराव आंबेडकर. केळुसकर गुरुजींनी त्याला पुस्तके पुरविली, मॅट्रिक झाल्यावर त्याच्या सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांनी केलेले याहून महत्त्वाचे काम निराळेच होते. पुढील शिक्षणाची अडचण उभी राहिली तेव्हा ते त्या तरुणाला घेऊन सयाजीराव गायकवाड यांच्याकडे गेले आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. याला मराठीत शब्द टाकणे म्हणतात. आपली पत दुसऱ्यासाठी पणाला लावणे हा मार्गदर्शनाचा गाभा आहे. पडद्यावर एकदा भेटलेला माणूस कोणासाठी शब्द टाकीत नाही, आणि त्याने टाकू नये हेच बरोबर. कारण तो ज्याच्याविषयी बोलणार त्याला त्याने काम करताना पाहिलेलेच नसते. न्यायमूर्ती रानड्यांनी गोखल्यांना घडविले तेही वर्षानुवर्षे जवळ बसवून, मजकूर पुन्हा पुन्हा लिहावयास लावून.

अर्थात केळुसकरांसारखी माणसे बागेत योगायोगाने भेटावीत अशी वाट पाहत बसणे हे धोरण होऊ शकत नाही. एका भीमरावाला केळुसकर भेटले; ज्यांना कोणी भेटले नाही अशांची नोंद इतिहासात नसते. योगायोगाची जागा व्यवस्थेने घ्यावी हे मान्य करावयासच हवे. मग ती व्यवस्था कोठे उभारावी, एवढाच मुद्दा उरतो.

महाराष्ट्र शासनाने मे २०२० मध्ये नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी 'महाकरिअर' हे पोर्टल सुरू केले. अभ्यासक्रम, महाविद्यालये, शिष्यवृत्त्या यांची माहिती एका ठिकाणी यावी हा त्यामागील हेतू स्तुत्य होता. परंतु ती माहितीच होती. तीत माणूस नव्हता. दुसरीकडे महाविद्यालयांत माणसे आहेत, पण तेथे मार्गदर्शनाचे काय झाले ते प्राध्यापकांना आणि कार्यालयातील लिपिकांना अधिक सांगावयास नको. एका मार्गदर्शकामागे किती विद्यार्थी, हे गुणोत्तर नॅकच्या मूल्यमापनात विचारले जाऊ लागल्यापासून प्रत्येक विभागात 'मेंटॉर-मेंटी' नावाची फाइल निर्माण झाली. समितीची तारीख जवळ आली की त्या फायलीत सह्यांची एकच घाई उडते. तीसचाळीस विद्यार्थी एका प्राध्यापकाच्या नावावर चढविले जातात. त्या प्राध्यापकाच्या मागे तासिका असतात, परीक्षांचे काम असते, निवडणुकीची नेमणूक असते, आणि पुष्कळ ठिकाणी तो स्वतःच तासिका तत्त्वावर, पुढील वर्षी आपण येथे असू की नाही या विवंचनेत असतो. ज्याला स्वतःची वाट दिसत नाही त्याच्याकडे चाळीस जणांची वाट सोपवावयाची, हे कागदावरच शोभते.

या दोहोंची सांगड घालता येईल. माहिती आणि पोहोच ही यंत्राची बलस्थाने. माणूस ओळखणे हे शिक्षकाचे. अर्जातील 'ध्येय' हा रकाना विद्यार्थ्याने एकट्याने न भरता ज्या शिक्षकाने त्याला दोन वर्षे पाहिले आहे त्याच्यासमवेत बसून भरावा, आणि त्यासाठी त्या शिक्षकाच्या कार्यभारात तास मोजून द्यावेत. मार्गदर्शक शोधावयाचा तो जगभरातून न शोधता प्रथम त्याच महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांतून शोधावा. पाचसात वर्षे पुढे गेलेला, त्याच एसटीने आलेला, त्याच वसतिगृहात राहिलेला माणूस पंचवीस वर्षे पुढे असलेल्या व्यवस्थापकीय संचालकापेक्षा अधिक उपयोगी पडतो. जुळणी झाल्यावर पहिली भेट महाविद्यालयातच व्हावी, आणि दोघांनी किमान एक शैक्षणिक वर्ष सोडून जाऊ नये अशी अट असावी. अशा जोड्या थोड्या होतील. हजारोंच्या आकड्यांनी सजलेली पत्रकार परिषद घेता येणार नाही, आणि अशा योजना रखडतात त्या पुष्कळदा याच कारणासाठी.

तोवर विद्यार्थ्याने ही पोर्टले वापरू नयेत असे मुळीच नाही. विनामूल्य मिळणारी अर्ध्या तासाची भेट ही ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्यासाठी लहान गोष्ट नव्हे. 'मी काय करू' या प्रश्नाला तेथे उत्तर मिळणार नाही. परंतु 'तुमचा कामाचा एक दिवस कसा जातो', 'पहिल्या वर्षी हातात किती पैसे पडले', 'तुमच्याबरोबर लागलेल्यांपैकी किती जण सोडून गेले आणि का', असे प्रश्न विचारले तर पुस्तकात न सापडणारी उत्तरे मिळतात. निदान दोघांना विचारावे, कारण एकाच माणसाचा अनुभव हा बहुधा त्याच्या नशिबाचाही भाग असतो. निघताना आणखी एकाचे नाव मागून घ्यावे. मराठीत बोलण्याची सोय आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. पलीकडचा माणूस पुष्कळदा कोल्हापूरचा किंवा नागपूरचाच निघतो. पहिल्याच भेटीत पुढील बारा भेटींचे पैसे आगाऊ मागणाऱ्याला नमस्कार करून खिडकी बंद करावी.

राहिला आकड्यांचा प्रश्न. ही पोर्टले, सरकारी असोत की खासगी, किती मार्गदर्शकांनी नाव नोंदविले आणि किती जुळण्या झाल्या, हे अभिमानाने सांगतात. सहा महिन्यांनी त्यांतील किती जोड्या एकमेकांशी बोलत होत्या, त्यांत तालुक्याच्या ठिकाणची मुले किती, मुली किती, आणि आपल्या घरातील पहिले पदवीधर किती, हे आकडे सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या योजनेने तरी दरवर्षी प्रसिद्ध केले पाहिजेत. ते मागण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे, विद्यापीठांच्या अधिसभांना आहे, आणि ज्यांच्या नावावर ती चाळीस मुले फायलीत चढविली आहेत त्या प्राध्यापकांच्या संघटनांनाही आहे.